मेंदूतली मोकळी जागा, खारट-पातळ पाणी आणि डिफ्युजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला मेडिकलच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकवते. हा टॉपिक आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, वर्गात कोणी हात वर करत नाही आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर मेसेज पडतो, "मॅम, लॅम्डा का कमी होत नाही?" आणि दुसऱ्या बाजूने माहेरकडचे, निफाडचे लोक, त्यांचा प्रश्न वेगळा, "आजीचं सोडियम कमी झालंय, डॉक्टर म्हणतात मेंदूला सूज येते, मीठ कमी झालं तर सूज कशी येईल?" खरं तर दोघं एकच गोष्ट विचारतायत. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

मेंदू तर पेशींनी गच्च भरलेला असतो, त्यात मोकळी जागा कुठली?

असते. मेंदूच्या एकूण आकारमानाच्या साधारण २० टक्के, म्हणजे पाचातला एक हिस्सा, पेशींच्या बाहेर असतो आणि त्यात मिठाचं पाणी, थोडी प्रथिनं आणि हायल्युरोनानसारखं चिकट जाळं असतं. ह्याला एक्स्ट्रासेल्युलर स्पेस म्हणतात, मी पुढे नुसतं "बाहेरची जागा" म्हणणारे. ही जागा एका ठिकाणी साठलेली नाही, ती सगळ्या पेशींच्या मधल्या फटींमध्ये पसरलेली आहे. जुन्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोंवरून फट २० नॅनोमीटर धरायचे, पण फोटोसाठी टिश्यू पक्का करताना तो आक्रसतो, त्यामुळे तो आकडा जरा कंजूषच होता. २००६ साली थॉर्न आणि निकल्सन यांनी जिवंत उंदराच्या मेंदूत क्वांटम डॉट (चमकणारे सूक्ष्म कण) आणि डेक्सट्रान (साखरेच्या साखळीचा मोठा रेणू) सोडून अंदाज काढला तो ३८ ते ६४ नॅनोमीटरचा. तरीही आपल्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग भरत नाही एवढीच ती फट.

ज्यांनी जुनं नाशिक बघितलंय त्यांना सांगायला सोपं जातं. भद्रकाली, तिवंधा, सराफ बाजारामागचे वाडे डोळ्यासमोर आणा. वाडे म्हणजे पेशी, मधले बोळ म्हणजे ही जागा. वरून बघितलं तर सगळं गच्च दिसतं, पण बोळ धरून चाललात तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येतं. ही उपमा खाली खूप वेळा येणारे, आत्ताच सांगून ठेवते.

डिफ्युजन म्हणजे नक्की काय, आणि मेंदूत त्याचं काय काम?

फोडणी दिली की वास ओसरीपर्यंत येतो ना, तेच. कण आपले आपण इकडेतिकडे धडका खात पसरतात, कोणी ढकलत नाही. पण ह्याचा एक चमत्कारिक हिशोब आहे, अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट लागतो. ग्लुटामेटसारखा (मेंदूतल्या पेशींमधला निरोप्या) छोटा रेणू मेंदूच्या फटीतून १० मायक्रोमीटर पसरायला सेकंदाचा वीसावा भाग घेतो, १ मिलिमीटरला जवळजवळ ९ मिनिटं आणि १ सेंटिमीटरला पंधरा तास. (हे वाटेत कोणी त्याला उचलून घेत नाही असं धरून, खरं तर ग्लुटामेट लगेच उचललं जातं.) म्हणून जवळच्या कामाला डिफ्युजन फर्स्ट क्लास, लांबच्या कामाला एकदम टाकाऊ. पेशीपासून जवळच्या रक्तवाहिनीपर्यंत, एका सिनॅप्सपासून (दोन मेंदूपेशींमधला निरोपाचा सांधा) शेजारच्यापर्यंत, औषध बाहेर पडल्यावर पुढच्या काही पेशींपर्यंत, असा सगळा कारभार ह्यावर चालतो.

अल्फा आणि लॅम्डा ही काय भानगड आहे?

अल्फा म्हणजे बाहेरची जागा एकूणाच्या किती हिस्सा, निरोगी मेंदूत साधारण ०.२. लॅम्डा म्हणजे वाट किती वाकडी. मोकळ्या पाण्यातला डिफ्युजनचा वेग भागिले मेंदूतला वेग, त्याचं वर्गमूळ म्हणजे लॅम्डा. निरोगी मेंदूत तो १.६ च्या आसपास. वर्ग केला की २.५६, म्हणजे मेंदूत रेणू मोकळ्या पाण्यापेक्षा अडीच पट हळू पसरतो, बस्स.

पोरं इथे एक चूक हमखास करतात. अल्फा आणि लॅम्डा एकाच दोरीला बांधलेत असं धरून चालतात, जागा कमी म्हणजे वाट वाकडी, जागा जास्त म्हणजे वाट सरळ. दिसायला तसं वाटतं. पण तसं नाहीये, आणि ह्या पानावरचं अर्धं रामायण त्याच्यासाठीच आहे.

इतक्या बारीक फटीतली गोष्ट मोजतात कशी?

हा माझा लाडका भाग आहे, जरा थांबून वाचा.

एक काचेची अतिशय बारीक नळी मेंदूत घालतात आणि तिच्यातून विजेच्या छोट्या करंटने टीएमए नावाचा आयन, म्हणजे टेट्रामिथिल अमोनियम, थोडा थोडा सोडतात. टीएमए का, तर तो पेशीच्या आत फारसा जात नाही, बिचारा बोळाबोळातूनच फिरतो. शंभर-दीडशे मायक्रोमीटरवर दुसरं इलेक्ट्रोड, जे फक्त तो आयन ओळखतं. आता तिथे टीएमए कधी पोचला आणि किती साठला ह्याचा आलेख काढायचा. एकाच आलेखातून दोन आकडे निघतात, ही खरी गंमत. आलेख किती झपाट्याने चढतो त्यावरून लॅम्डा, कारण वाट वाकडी असेल तर यायला उशीर होतो. आणि शेवटी किती उंचीवर जाऊन थांबतो त्यावरून, लॅम्डा कळलेला असताना, अल्फा, कारण तेवढाच माल कमी जागेत कोंबला तर जास्त दाट होणार. आधी हाच प्रयोग अगारच्या जेलीत करून यंत्र ठाकठीक करून घेतात, तिथे पेशीच नाहीत त्यामुळे दोन्ही आकडे १.

चार्ल्स निकल्सन आणि फिलिप्स यांनी १९८१ मध्ये उंदराच्या लहान मेंदूत, म्हणजे सेरेबेलममध्ये, हे करून अल्फा ०.२१ आणि लॅम्डा १.५५ काढला. चाळीसेक वर्षं झाली, इतक्या लोकांनी इतक्या प्राण्यांत मोजलं, निरोगी मेंदूचा आकडा तिथंच घुटमळतो. प्रागमध्ये एव्हा सिकोवा यांनीही ह्या पद्धतीने आजारी मेंदूवर भरपूर काम केलंय.

ऑस्मोसिस एकदा साध्या शब्दात सांगा ना.

द्राक्षवाल्या घरातल्या माणसाने हे विचारू नये, पण ठीके. माल पिकत आलाय, मण्यात साखर भरलीय आणि नेमका अवकाळी पाऊस आला, की मणी तडकतात. का तडकतात? आत साखर दाट, बाहेर पावसाचं पाणी एकदम पातळ, पाणी दाट बाजूकडे ओढलं जातं, मणी फुगतो, साल ताणली जाते आणि फाटते. आमच्या बाबांनी एका फेब्रुवारीत चार दिवसांत वर्षाचं गणित असं पाण्यात जाताना बघितलंय, शब्दशः पाण्यात. उलटं बघायचं असेल तर काकडीवर मीठ टाका, पाणी सुटतं.

रक्ताची दाटी, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल प्रति किलो असते. ती मुख्यतः सोडियमवर चालते, आणि रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. सोडियम घसरलं की बाहेरचं पाणी पातळ झालं, पेशी दाट ठरली, पाणी पेशीत घुसलं. आजीच्या मेंदूला सूज येते ती अशी, मीठ कमी पडल्यावरच. अवकाळी पावसात मणी आणि मेंदूची पेशी एकाच संकटात असतात, फक्त मेंदूला वर कवटी आहे, फुगायला जागाच नाही.

मग मेंदूचा तुकडा पातळ पाण्यात ठेवला तर डिफ्युजनचं काय होतं?

आता मूळ मुद्दा. २००२ मध्ये निकल्सन यांच्याच गटाने उंदराच्या मेंदूच्या सालीचे ४०० मायक्रोमीटर जाडीचे काप वेगवेगळ्या दाटीच्या द्रावणात ठेवून टीएमएने मोजमाप केलं. नेहमीच्या ३०० च्या आसपासच्या द्रावणात अल्फा ०.२४, लॅम्डा १.६९. मग द्रावण पातळ करत १५० वर आणलं. पेशी फुगल्या, बोळ दाबले गेले, अल्फा ०.१२ वर, म्हणजे नेमका अर्धा. लॅम्डा वाढून १.८६.

१.६९ चं १.८६, एवढ्याने काय होतं असं वाटतं. वर्ग करून बघा, २.८६ चं ३.४६ झालं, म्हणजे डिफ्युजन साधारण पाचव्या हिश्श्याने मंद. आणि त्याच्याहून मोठी गोष्ट अल्फामध्ये आहे. जागा अर्धी झाली म्हणजे तेवढाच ग्लुटामेट किंवा पोटॅशियम बाहेर पडलं तरी दाटी दुप्पट. बोळात माणसं तेवढीच, बोळ अर्धा, आणि वर पुढे सरकायलाही उशीर. रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी गेलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही.

आणि दाट पाण्यात ठेवला तर उलटं होत असणार?

इथेच तर सगळे फसतात. अर्धं उलटं होतं.

द्रावण ५०० पर्यंत दाट केलं, पेशी आक्रसल्या, अल्फा ०.४२ वर गेला. म्हणजे बाहेरची जागा पावणेदोन पट. आता कोणीही म्हणेल, बोळ रुंद झाले, ट्रॅफिक सुटला, लॅम्डा धाडकन खाली येणार. लॅम्डा आला १.६७. म्हणजे होता तिथेच. इतका जवळ की फरक आहे असं म्हणताच येत नाही.

पातळ बाजूला दोन्ही हलतात, दाट बाजूला फक्त जागा हलते. म्हणून त्या पेपरच्या नावातच त्यांनी दोन्ही आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं लिहून टाकलंय. पोरांनो, व्हायव्हाला हे विचारतात आणि तुम्ही "मॅम लॅम्डा कमी होतो" म्हणता, मग मी खिडकीबाहेर बघते.

पण का? जागा वाढली तर वाट सोपी का नाही होत?

आधी एक हिशोब. समजा सगळ्या पेशी सरळसोट ठोकळे किंवा गोळे आहेत, कुठे खाचखळगा नाही. अशा पेशींना नुसता वळसा घालून जायचं असेल तर गणित सांगतं की फट कितीही बारीक केली तरी लॅम्डा १.२२५ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे दीडचं वर्गमूळ. आणि फट रुंद केली तरी तो फार उतरत नाही, अल्फा ०.२ ला १.१८, ०.४२ ला १.१४, फरक चिल्लर. पण मेंदूत मोजला तर १.६. म्हणजे मेंदूतला उशीर नुसत्या वळशांमुळे नाहीच, अजून काहीतरी आहे. ते काहीतरी एक तर फटीतलं चिकट जाळं, नाहीतर आंधळे बोळ.

जुन्या वाड्यांमागे असतात ना, आत शिरलात की पुढे भिंत, मोरी नाहीतर कोणाचं तरी बंद दार, आल्या पावली परत. पेशींच्या पृष्ठभागावर, विशेषतः अॅस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशींच्या पातळ पदरांमध्ये, अशा खाचा आणि खिसे असतात. फिरता फिरता रेणू त्यात शिरतो, जरा वेळ घालवतो, परत बाहेर येतो. पुढे काही गेला नाही, पण वेळ मात्र गेला. हा वाया गेलेला वेळ लॅम्डामध्ये मोजला जातो. २००३ मध्ये ह्राबेटोव्हा आणि सहकाऱ्यांनी रक्तपुरवठा तुटल्यासारख्या अवस्थेतल्या मेंदूच्या कापात मोठ्या आकाराचं डेक्सट्रान पार्श्वभूमीला भरून दाखवलं, ते आंधळ्या बोळात जाऊन बसलं आणि टीएमएसाठी लॅम्डा चक्क कमी झाला. मला हा प्रयोग इतका आवडतो, वाट मोकळी करायला वाटेत अडगळ टाकली.

आता दाट पाण्याकडे या. चेन आणि निकल्सन यांनी २००० मध्ये मॉडेल करून मांडलं की पेशी आक्रसताना सगळीकडून सारख्या आक्रसत नाहीत, त्यांचा आकार बदलतो. वाडे लहान झाले, पण मोकळी झालेली जागा बोळात नाही आली, ती चौकात आली. चौक मोठे झाले, चौकांना जोडणारे बोळ जवळजवळ होते तसेच. अल्फा मोजाल तर चौकांमुळे दणकून वाढलेला, पण एका चौकातून दुसऱ्यात जायला तीच चिंचोळी वाट, आणि वर चौकात रेंगाळायला जास्त जागा. थोडं सुटलं, थोडं अडलं, हिशोब बरोबरीत. पातळ पाण्यात मात्र बोळच दाबले जातात, शिवाय काही ठिकाणी जागा कोंडून राहते, म्हणून तिकडे लॅम्डा वाढतो.

चौक मोठा केल्याने बोळ रुंद होत नाही हे आमच्या गल्लीत रिक्षा घालणाऱ्या प्रत्येकाला माहितीय, सायन्सला कळायला २००० साल उजाडलं.

१५० आणि ५०० हे आकडे माणसात कधी येतात का?

नाही, १५० ला माणूस नसतो. कापाचा प्रयोग टोकाचा असतो, तत्त्व उघडं पडावं म्हणून. माणसात सोडियम १२० च्या खाली गेलं, म्हणजे दाटी २५० च्या घरात, तरी गुंगी, उलट्या, झटके येऊ शकतात, विशेषतः ते झपाट्याने घसरलं असेल तर.

आणि एक लई महत्त्वाचं, काप आणि माणूस ह्यात फरक आहे. कापाला कवटी नाही, रक्त नाही, रक्त आणि मेंदूच्या मधली ती राखणदार भिंत नाही. दाट द्रावणात पेशीतून निघालेलं पाणी फटीत थांबतं. जिवंत माणसात रक्त दाट झालं की पाणी मेंदूतून निघून रक्तात जातं, मेंदूच एकूण लहान होतो. १९९१ मध्ये हेलन सेर आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरात रक्तातलं सोडियम अचानक वाढवून पाहिलं तर बाहेरची जागा कमी झाली, आणि पेशींनी बाहेरून आयन आत ओढून आपला आकार टिकवला. कापात फुगलेली जागा, जिवंत उंदरात आक्रसलेली! म्हणून कापाचा आलेख बघून थेट पेशंटबद्दल बोलणाऱ्याला जरा थांबवायचं.

सोडियम कमी झाल्यावर फिट का येते?

वरचं सगळं जोडा. जागा आक्रसली, त्यामुळे पोटॅशियम पटकन दाटतं आणि न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या मेंदूपेशी, बिथरतात. फुगलेल्या पेशी आपला आकार परत आणायला आतला माल बाहेर टाकतात, क्लोराइड, टॉरिन आणि त्याबरोबर ग्लुटामेटसुद्धा, ही जी दारं उघडतात त्यातला मुख्य प्रथिनाचा तुकडा एलआरआरसी८ए आहे हे २०१४ मध्ये कळलं. म्हणजे कमी जागेत जास्त ग्लुटामेट. तिसरं कारण लोक विसरतात, फटीतलं पाणी हीच विजेची बाहेरची वायर आहे, ती बारीक झाली की तिचा रोध वाढतो आणि एका न्यूरॉनच्या विजेचा धक्का शेजाऱ्याला थेट जाणवायला लागतो, सिनॅप्स नसला तरी. मग सगळे एका सुरात पेटतात. उलट बाजूने, १९९५ मध्ये हॉकमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूच्या कापात फ्युरोसेमाइड नावाच्या औषधाने पेशी फुगणं अडवलं तर झटक्यासारखी एकसुरी हालचाल थांबली, आणि न्यूरॉन मात्र उत्तेजित होतच होते.

आमच्या आजोबांना सोडियम इतकं हळू का चढवलं? दोन दिवस नुसतं वाट बघत बसलो.

हा प्रश्न घरात भांडण लावतो, माझ्याही घरात लावलाय. मामांचं सोडियम ११६ होतं, बीपीची गोळी चालू, पाणी कमी करणाऱ्या गटातली, म्हाताऱ्या माणसांत त्या गोळ्यांनी सोडियम उतरणं अगदी नेहमीचं. मामेभाऊ आयसीयूच्या दारात डॉक्टरशी हुज्जत घालत होता, "मीठच कमी आहे ना, मग द्या की भरभर!" मला त्याला कॅन्टीनमध्ये नेऊन चहाच्या बिलामागे वाडे काढून दाखवावे लागले.

गोष्ट अशी, सोडियम हळूहळू, दोन दिवसांपेक्षा जास्त काळ घेऊन उतरलं असेल तर पेशी तोवर शहाण्या झालेल्या असतात. त्यांनी आतलं पोटॅशियम आणि इनोसिटॉल, टॉरिनसारखे पदार्थ बाहेर टाकून स्वतःला पातळ करून घेतलेलं असतं, म्हणून ११६ ला पण मामा "चहा नाही मिळत का इथे" विचारत होते. आता बाहेरचं पाणी एकदम दाट केलं तर पेशी आक्रसणार, आणि टाकलेला माल परत भरायला त्यांना दिवस लागतात. त्या ताणात मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) बनवणाऱ्या पेशी मरतात, विशेषतः पॉन्स नावाच्या भागात, आणि काही दिवसांनी, रिपोर्ट नॉर्मल आल्यावर, माणूस गिळायचं आणि बोलायचं बंद होतो. १९५९ मध्ये अॅडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कल यांनी हा आजार पहिल्यांदा मांडला. म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० च्या वर चढवत नाहीत, धोका जास्त असेल तर ८ च्या आतच. फिट चालू असेल तर गणित वेगळं, तिथे ३ टक्के सलाईन थोडं पटकन देऊन ४ ते ६ ने वर आणतात आणि मग ब्रेक. घरी मिठाचं पाणी पाजून हे करायला जाऊ नका, हात जोडून सांगते.

मॅनिटॉल दिल्यावर बाहेरची जागा मोठी होते का?

वर सांगितलं तेच, कापातलं चित्र इथे चिकटवू नका. मॅनिटॉल, म्हणजे मेंदूची सूज उतरवायला शिरेतून देतात ते औषध, शाबूत भिंतीतून मेंदूत शिरत नाही, रक्तातच राहून पाणी ओढतं, मेंदू लहान होतो, कवटीतला दाब उतरतो. २० टक्के मॅनिटॉलची दाटी ११०० च्या जवळ आणि ३ टक्के सलाईनची १०२६, साध्या ०.९ टक्के सलाईनची ३०८, त्यावरून ओढ किती ते बघा. ही कल्पना १९१९ ची आहे, वीड आणि मॅकिबेन यांनी मांजरांच्या शिरेत दाट मीठ-पाणी सोडून मेंदू आक्रसताना बघितला. भिंत फाटलेली असेल तर मॅनिटॉल आत झिरपून उलट पाणी तिकडे ओढू शकतं, म्हणून उगाच डोसावर डोस देत नाहीत.

स्ट्रोकमध्ये पण हेच होतं का?

त्याहून वाईट. रक्त थांबलं की पेशीतलं सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद, सोडियम आणि पाणी पेशीत, बाहेरची जागा ०.०५ पर्यंत येते आणि लॅम्डा २ च्या वर जातो. १५० च्या द्रावणातसुद्धा एवढं होत नाही. पण लक्षात घ्या, इथे बाहेरचं पाणी कोणी पातळ केलं नाही, पेशीच आतून दाट झाली. ओढ तीच, कारण वेगळं.

एमआरआयमध्ये डिफ्युजन लिहिलेलं असतं, ते हेच?

नाही. तिथे पाण्याच्या रेणूची हालचाल बघतात, आणि पाणी पेशीच्या आत पण असतं, बाहेर पण. टीएमए फक्त बाहेर फिरतो. स्ट्रोकमध्ये काही मिनिटांतच एमआरआयचा आकडा घसरतो ही गोष्ट १९९० मध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांत दाखवली, आणि पेशी फुगण्याशी तिचा संबंध आहेच, पण दोन्ही आकडे एकाच वहीत लिहू नका.

अॅक्वापोरिनचं काय?

पेशीच्या पडद्यातली पाण्याची पाईपलाईन. पीटर आग्रे यांना २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यावर मिळालं. मेंदूत अॅक्वापोरिन-४ अॅस्ट्रोसाइटच्या रक्तवाहिनीला टेकलेल्या पायांवर दाटीने असतं. ते नसलेल्या उंदरांत बाहेरची जागा जरा जास्त निघाली, ०.२३ विरुद्ध ०.१८. आणि पातळ पाण्याच्या माऱ्यात ह्या उंदरांच्या मेंदूला सूज कमी येते.

झोपेत मेंदूची ही जागा वाढते असं रील बघितलं.

२०१३ मध्ये नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांत जागेपणी १४ टक्के आणि झोपेत २३ टक्के असं मोजलं होतं, टीएमएनेच. त्यावरून "झोपेत मेंदू धुतला जातो" हे सगळीकडे पसरलं. पण २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांतच झोपेत आणि भुलेखाली सफाई कमी होते असं दाखवलं, त्यामुळे रील बघून लगेच मान डोलवू नका. आणि परत तेच, जागा वाढली ह्याचा अर्थ माल आपोआप लवकर निघाला असा होत नाही, ०.४२ आणि १.६७ आठवा.

भरपूर पाणी प्यायलं तर आपला मेंदू फुगतो का?

किडनी धड असेल आणि तहानेपुरतं पीत असाल तर नाही, किडनी जास्तीचं बाहेर टाकते. अडचण येते ती तासनतास पळताना लिटरवर लिटर नुसतं पाणी ढोसणाऱ्यांना किंवा पैजेवर पिणाऱ्यांना.

घरी काही करून बघता येईल का?

येईल, माझ्या पोराने शाळेच्या प्रदर्शनासाठी केलं. ऑस्मोसिससाठी दोन वाट्या, एकीत साधं पाणी आणि मनुके, दुसरीत मिठाचं घट्ट पाणी आणि हिरवी द्राक्षं, रात्रभर ठेवा. डिफ्युजनसाठी चायना ग्रासची जेली दोन डब्यांत लावा, एकीत नुसती, दुसरीत ती सेट व्हायच्या आधी काचेच्या गोट्या गच्च भरून. मधोमध खायच्या रंगाचा सारखाच एक एक थेंब सोडा. गोट्यांच्या डब्यात रंग फटीतच राहतो म्हणून जास्त गडद दिसतो, तो अल्फा. लॅम्डा दिसायची अपेक्षा ठेवू नका, गोट्या गुळगुळीत गोल, १.२ च्या वर जाणार नाही. तासाभरात काही झालं नाही म्हणून डबा हलवू नका, अंतर सेंटिमीटरचं आहे, रंग दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. आणि फ्रीजमध्ये ठेवलात तर अजून उशीर, आमच्याकडे सासूबाईंनी जेली समजून ठेवला होता.